मण्यांची साखळी घेताय? आधी चुंबक लावून बघा, जोड ओढून बघा

मोटारीच्या स्टार्टरपेटीची किल्ली, शाळेतल्या पोराचं ओळखपत्र, बेसिनचं बूच, नव्या घरातल्या खिडकीचा गुंडाळायचा पडदा. या सगळ्यांना एकच साखळी दिसते, बारीक गोल मण्यांची. दुकानात तिला ‘बॉल चेन’ म्हणतात. स्वस्त असते म्हणून कोणी बघून घेत नाही. मग किल्ली विहिरीत पडली की साखळीची आठवण होते.

ही साखळी कड्यांची नसते. पोकळ मणी आणि दोन मण्यांच्या मधे आखूड तार, अशी तिची घडण. तारेची टोकं मण्याच्या आत जाड केलेली असतात, त्यामुळे ती निसटत नाहीत. प्रत्येक मणी तारेवर फिरतो, म्हणून साखळीला सहसा पीळ पडत नाही. हीच तिची खुबी.

मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. किल्ली आणि ओळखपत्राला 2.4 मिमी चालते. बेसिनच्या बुचाला 3.2 मिमी बरी. पडद्याला बहुतेक ठिकाणी 4.5 मिमीची लागते. पडद्याची साखळी बदलायची असेल तर जुनीचा तुकडा दुकानात घेऊनच जा. मण्याची जाडी जुळली पण दोन मण्यांमधलं अंतर जुळलं नाही, तर चाकाच्या खाचेत मणी बसत नाही आणि पडदा घसरतो.

धातू ओळखायला घरातलं चुंबक पुरे. पिवळी दिसणारी साखळी चुंबकाला घट्ट चिकटली तर ती पितळी नाही, आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. खिशातल्या किल्लीला तीही चालेल. पण बेसिन, न्हाणीघर किंवा कोकणपट्टीतली खारी हवा असेल तर मुलामा उडून गंज धरतो. तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. चांगलं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, चिकटलं तर अगदी हलकं. गळ्यात घालायची असेल तर स्टेनलेसच बरी, कारण निकेलच्या मुलाम्याने काहींच्या मानेला खाज सुटते, पुरळ येतं.

साखळी तुटते ती बहुतेक वेळा जोडात. जोड म्हणजे दोन टोकं अडकवायची छोटी पत्र्याची नळी. तिच्या खाचेत शेवटच्या मण्यामागची तार दाबून बसवायची, मणी आत ‘टक’ करून बसला पाहिजे. 2.4 च्या साखळीला 3.2 चा जोड लावला तर आज बसतो, उद्या निसटतो. घेताना दुकानातच दोन्ही हातांनी ओढून बघा. लांबी कमी करायची तर पकडीने मण्यांमधली तार कापा, मणी चेपू नका.

आता महत्त्वाचं. कडबाकुट्टी किंवा मळणी यंत्रावर काम करताना गळ्यात कसलीच साखळी नको. ओढ बसली की मण्यांची साखळी जोडात सुटते, असं म्हणतात आणि बहुतेक वेळा तसं होतंही. पण यंत्राच्या पट्ट्यासमोर त्या भरवशावर कोणी मान देऊ नये. ओळखपत्र खिशात ठेवा.

दुसरी गोष्ट स्टार्टरची. रात्रपाळीची लाईट आली की अंधारात पेटी उघडायची, ही बऱ्याच गावांची रीत. किल्लीची लांब साखळी पेटीत लोंबत राहिली आणि उघड्या टोकांना लागली तर शॉर्ट होतो, हातात असेल तर झटकाही बसतो. पेटीच्या किल्लीला सुती दोरी किंवा प्लॅस्टिकचा गोफ लावावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळही तेच. दोन टोकांवर साखळी आडवी पडली की ठिणगी उडालीच.

पडद्याच्या साखळीचा फास लोंबता ठेवू नका. रांगतं पोर त्यात मान घालतं आणि आवाजसुद्धा येत नाही. खाली भिंतीला पकड बसवून साखळी ताणून ठेवा, खाट किंवा पाळणा त्या खिडकीपासून लांब हलवा. तुटलेल्या साखळीचे तुकडेही लगेच उचला, लहान पोरं ते तोंडात घालतात.

वासराला, शेळीला, कुत्र्याला ही साखळी बांधायची नाही. एका हिसक्यात सुटते. जनावराला वेल्डिंग केलेल्या कड्यांची आणि मधे फिरती कडी असलेली साखळीच लागते. झोपाळा, पाळणा, फाटक यांनाही मण्यांची साखळी नाही म्हणजे नाही.

निगा फार नाही. साबणाच्या पाण्याने धुवून कोरडी पुसा. पितळीला चिंच चालते, पण मुलाम्याच्या साखळीला चिंच, राख लावू नका, घासता घासता मुलामाच निघून जातो. दोन मण्यांमधली तार बाहेर ओढल्यासारखी लांब दिसू लागली की ती साखळी बदला.