वतन : सेलू ते पाथरी, गोदाखोऱ्यातील पाचशे वर्षांची वाट

इ.स. १५१८. सातव्या वर्षी तख्तावर बसलेला अहमदनगरचा कोवळा सुलतान बुऱ्हाण निजामशाह दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी पाहण्यास निघाला. सोबत मोठी फौज होती. लेणी पाहणाऱ्याला एवढी फौज कशाला, हा प्रश्न वऱ्हाडच्या इमादशाहाला वेळीच सुचला नाही. वेरूळहून ती फौज अहमदनगरकडे परतली नाही. तिने अचानक आग्नेयेची वाट धरली आणि गोदावरीच्या उत्तरेला असलेल्या पाथरीवर झडप घातली. किल्ल्याच्या तटावर चढून तो घेण्यात आला.

दख्खनच्या इतिहासात स्थलदर्शनाच्या निमित्ताने झालेली ही बहुधा सर्वात महागडी सहल असावी.

पाथरी आज परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. तिथे जाणारा प्रवासी बहुधा रेल्वेने सेलूला किंवा मानवत रोडला उतरतो. सेलूहून दक्षिणेला सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की पाथरी. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी आणि मध्ये हा सपाट काळ्या मातीचा पट्टा. दुधना पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. या खोऱ्यात सह्याद्रीसारखे कडे नाहीत, बुरूज फार नाहीत, म्हणून दुर्गप्रेमी मंडळी ते ओलांडून थेट वेरूळ-अजिंठ्याला जातात. पण १५१८ मध्ये एका सुलतानाने नेमके उलट केले. वेरूळ मागे टाकून तो पाथरीला आला. का?

त्याचे उत्तर फिरिश्ता या इतिहासकाराने दिले आहे. फिरिश्ता स्वतः अहमदनगरच्या दरबारात वाढला आणि पुढे विजापूरला गेला, त्यामुळे निजामशाही घराण्याच्या आतल्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या. त्याच्या म्हणण्यानुसार निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. कोण्या एका पिढीत ते गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेले. तेथे या घराण्यात तिमाभट नावाचा मुलगा जन्मला, त्याच्या वडिलांचे नाव भैरव. बहमनी फौजेने एका स्वारीत या मुलाला पकडून बीदरला आणले. मुलगा हुशार निघाला. राजपुत्राच्या सोबतीला ठेवून त्याला फारसीचे शिक्षण देण्यात आले आणि तिमाभटाचा मलिक हसन झाला. राजपुत्राला ‘भैरव’ म्हणता येईना, म्हणून तो ‘बहरी’ म्हणू लागला, अशी एक कथा आहे. दुसरी कथा सांगते की बहरी म्हणजे ससाणा, आणि हसनकडे शिकारी पक्ष्यांची व्यवस्था होती. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असण्यासही हरकत नाही.

हा मलिक हसन पुढे निजाम-उल-मुल्क झाला, बहमनी राज्यातील सर्वात बलाढ्य सरदारांपैकी एक. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली. तीच निजामशाही. बुऱ्हाण हा मलिक अहमदचा मुलगा, म्हणजे तिमाभटाचा नातू.

आता वतनाकडे. ‘वतन’ हा शब्द अरबी आहे, आणि मूळ अर्थ जन्मभूमी, स्वदेश. मराठीत आल्यावर त्याला वंशपरंपरेने चालणारा हक्क असा अर्थ चिकटला. कुलकर्णी गावाचे दप्तर सांभाळी : कोणाची किती जमीन, कोणाकडे किती बाकी. त्याबद्दल त्याला इनाम जमीन आणि ठरलेले हक्क मिळत. राज्ये बदलली तरी वतन टिके, कारण नव्या राज्यकर्त्यालाही दप्तर वाचणारा माणूस हवाच असे. वतनासाठी भाऊ भावावर उठल्याची प्रकरणे मराठी कागदपत्रांत मुबलक सापडतात. मात्र वतनासाठी दोन सुलतानशाह्या झुंजल्याचे उदाहरण विरळाच.

निजामशाही स्थिर झाल्यावर विजयनगरकडचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला आले. राजा झालेल्या नातलगाकडे त्यांनी गळ घातली की आपले पाथरीचे वतन परत मिळवून द्या. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशाहाकडे होती. बुऱ्हाणचा वजीर मुकम्मल खान याने आधी सामोपचाराने पत्र लिहिले : पाथरी द्या, बदल्यात दुसरा प्रदेश घ्या. इमादशाहाने नकार दिला आणि पाथरीची तटबंदी करायला घेतली. त्यानंतरच ती वेरूळची सहल निघाली.

येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. समोरचा इमादशाहसुद्धा तसाच होता. त्याचा बाप फतहउल्ला इमाद-उल-मुल्क हाही विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला मुलगा, मूळचा कन्नड हिंदू. म्हणजे एका गावच्या कुलकर्णपणावरून लढणारी ही दोन मुसलमान राजघराणी दोघांच्याही पळवून आणलेल्या वाडवडिलांपासून सुरू झाली होती. मध्ययुगीन दख्खनचे ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ असे सरळ दोन रकाने करणाऱ्यांनी पाथरीची ही हकीकत एकदा शांतपणे वाचावी.

प्रकरण १५१८ मध्ये संपले नाही. गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशाहाची मदत घेऊन इमादशाहाने पाथरी परत जिंकली. १५२७ मध्ये बुऱ्हाण पुन्हा आला. सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर गाव त्याच्या हाती पडले. यावेळी त्याने किल्ला पाडून जमीनदोस्त केला आणि पाथरी आपल्या ब्राह्मण आप्तांना देऊन टाकली. पराभूत इमादशाहाने खानदेशला आणि मग गुजरातच्या बहादुरशाहाला हाक दिली. गुजरातची फौज दख्खनमध्ये उतरली, दौलताबादला वेढा पडला, आणि शेवटी बुऱ्हाणला बहादुरशाहाच्या नावाने खुत्बा वाचण्याचे मान्य करावे लागले. पाथरी मात्र त्याने सोडली नाही. फिरिश्ता लिहितो की अकबराच्या काळापर्यंत ती त्याच ब्राह्मण घराण्याकडे राहिली. अकबराच्या काळात वऱ्हाड मोगलांकडे गेले, तेव्हा ‘ऐन-ए-अकबरी’त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले गेले.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातील शांबोर हा प्रसिद्ध राजवाडा १५१९ मध्ये बांधायला घेतला गेला, म्हणजे पाथरीच्या पहिल्या लढाईनंतर एका वर्षाने. आज जगभरचे लोक त्या नदीकाठाने पायी आणि सायकलने फिरतात, आणि २००० पासून ते खोरे जागतिक वारसा आहे. गोदाखोऱ्यातील पाथरीचा किल्ला तर जिंकणाऱ्यानेच पाडला. म्हणून येथे फिरणाऱ्याला भिंती पाहण्यापेक्षा वाटा वाचाव्या लागतात.

अशी एक वाट उत्तरेकडून सुरू करता येते. जिंतूर–जालना मार्गावरील चारठाणा येथे यादवकाळातील मंदिरे, पुष्करणी आणि एक उंच कोरीव दगडी स्तंभ आहे. एवढ्या शिल्पसमृद्ध गावाची वर्दळ पाहिली तर वाईट वाटावे इतकी कमी. जिंतूरजवळच्या नेमगिरी टेकडीत जैन लेणी आहेत. तेथील पार्श्वनाथांची अवजड मूर्ती एका छोट्या दगडावर तोललेली दिसते. तेथून दुधना ओलांडून सेलू, मग पाथरी, आणि पुढे दक्षिणेला मुदगल. मुदगलेश्वराचे दगडी मंदिर थेट गोदावरीच्या पात्रात उभे आहे आणि पुराचा लोंढा अंगावर घेत आले आहे. पावसाळ्यात ही वाट टाळावी. काळी माती पायाला अशी धरते की चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. कापूस फुटल्यापासून ज्वारी काढणीला येईपर्यंतचे दिवस उत्तम.

सेलूचे महत्त्व मात्र अलीकडचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड मीटरगेज मार्ग टाकला गेला. त्याचे नावच ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’. रूळ सेलूवरून गेले, पाथरी बाजूला राहिली. कापसाच्या गाठी स्थानकाकडे येऊ लागल्या आणि व्यापार रुळांच्या बाजूला सरकला. ज्या गावासाठी चार सुलतानांच्या फौजा हलल्या, त्याला रेल्वेचे स्थानक मात्र मिळाले नाही.

तरीही पाथरीचा वाद पुन्हा पेटला, आणि यावेळी सेलूही त्यात ओढले गेले. दासगणू महाराजांनी ‘भक्तलीलामृता’त शिर्डीच्या साईबाबांचे गुरू म्हणून सेलूच्या गोपाळराव देशमुखांची कथा सांगितली आहे. व्यंकटेशाचे ते भक्त. ‘वेंकुशा’ या नावाचा उलगडा पुष्कळ भक्त त्यांच्याशी जोडतात, आणि सेलूत त्यांची समाधी आहे. साईबाबा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात जन्मले आणि लहानपणी एका फकिराच्या हाती सोपवले गेले, ही आठवण म्हाळसापतींच्या नावे सांगितली जाते. १९७५ मध्ये वि. बा. खेर यांनी पाथरीत जाऊन शोध घेतला आणि एका घराण्याकडे बोट दाखवले. १९९९ मध्ये तेथे मंदिर उभे राहिले.

जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईंचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. शिर्डीकरांचे म्हणणे असे की बाबांनी स्वतःची जात, धर्म, कूळ कधीच सांगितले नाही, तर ते ठरवणारे इतर कोण? पाथरीकरांचे म्हणणे की आमच्या गावची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण खोटी कशी? पुरावा म्हणून पाहिले तर दोन्ही बाजूंकडे आठवणी आणि भक्तिग्रंथ आहेत. समकालीन कागद नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे निकाल देण्याची घाई करू नये.

पण एक साम्य नजरेआड करता येत नाही. दोन्ही गोष्टींत पाथरीच्या ब्राह्मण घरातील एक मुलगा आहे, जो दुसऱ्या धर्माच्या माणसांच्या हाती जातो आणि मोठा होतो. तिमाभटाच्या नातवाला ते मूळ घर अडचणीचे वाटले नाही. मुसलमान सुलतान राहूनच त्याने कुलकर्णी पूर्वजांचे गाव आपले म्हणून मागितले, आणि ते जिंकल्यावर स्वतःकडे न ठेवता दप्तर लिहिणाऱ्या भाऊबंदांच्या हवाली केले.