पुण्याचे दोशी आणि वाढते घर

जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकास, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत वाइल अम ऱ्हाइन हे लहानसे गाव आहे. तेथील विट्रा डिझाइन म्युझियममध्ये 2019 साली बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुकार्याचे प्रदर्शन भरले होते. दोशी जन्माने पुण्याचे. 1927 साली लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या घरात ते जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली तयार झाले. 2018 साली प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय. 2023 साली ते निवर्तले.

प्रदर्शनातील नकाशे, नमुने व छायाचित्रांत आपल्या वाचकांना जवळची वाटेल ती इंदूरची 'अरण्य' वसाहत. 1980 नंतरच्या दशकात ती उभी राहिली. तेथे गरीब कुटुंबांना बहुतांशी जमिनीचा तुकडा, जोते, पाणी आणि संडास-मोरी एवढेच मिळाले. पुढची खोली, जिना, ओटा ऐपतीप्रमाणे ज्याने त्याने बांधावा. अशा रीतीने 80,000 हून अधिक लोकांची सोय झाली.

दिमोना, बीरशेबा, अश्दोद येथे आलेल्या आपल्यापैकी कित्येकांना याउलट तयार सदनिका मिळाली. येणारे लोक फार, सरकारला घाई. डोक्यावर छप्पर आले हे थोडे नव्हे. पण कोकणात मुलाचे लग्न ठरले की पडवी वाढविता येई. ती तिसऱ्या मजल्यावर कशी वाढावी? घरात एक भिंत तरी आपल्या हातची असावी, हेच दोशींनी ओळखले होते.