ओळखपत्र, चुंबकीय पट्टीचे
ओळखपत्र, चुंबकीय पट्टीचे : धारकाचे नाव, छायाचित्र इ. तपशील पृष्ठावर छापलेले व काही मजकूर चुंबकीय पट्टीत संकेतरूपाने नोंदविलेले प्लॅस्टिकचे कार्ड. त्यावर दोन प्रकारचे लेखन असते : एक डोळ्यांनी वाचावयाचे व दुसरे यंत्राने. या दोहोंच्या मर्यादा भिन्न असून मराठी नावांच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो.

कार्ड बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. त्याची प्रमाणित लांबी ८५.६० मिमी., रुंदी ५३.९८ मिमी. व जाडी ०.७६ मिमी. असते. छायाचित्रासाठी रंजक-संप्लवन पद्धती वापरतात. तीत फितीवरील पिवळे, किरमिजी व निळे रंजक तापलेल्या मुद्रणशीर्षामुळे वायुरूप होऊन पृष्ठभागात मुरतात. अक्षरांसाठी काळ्या रंगाचा थर उष्णतेने चिकटवितात व वर पारदर्शक संरक्षक थर देतात. हे मुद्रण चित्ररूप असल्याने त्यात देवनागरी लिपीची अडचण येत नाही.

चुंबकीय पट्टीचे कार्ड १९६०–७० या दशकात अमेरिकेतील आयबीएम कंपनीत विकसित झाले. पट्टीतील सूक्ष्म चुंबकीय कणांची दिशा बदलून नोंद केली जाते. प्रत्येक बिटास सारखी लांबी दिलेली असते. ‘एक’ या अंकासाठी मध्यभागी आणखी एकदा दिशा बदलते. त्यामुळे कार्ड हाताने कमीअधिक वेगाने सरकविले, तरी ते वाचता येते. तपकिरी पट्टीवरील नोंद सामान्य चुंबकानेही पुसली जाऊ शकते. काळी पट्टी बहुधा अधिक टिकाऊ असते.

पट्टीवर तीन मार्गिका असतात. पहिलीत ७९ वर्ण मावतात. दुसरीत ४० व तिसरीत १०७, परंतु या दोहोंत मुख्यतः अंकच असतात. पहिलीतील वर्णही रोमन मोठी अक्षरे, अंक व काही चिन्हे एवढेच असल्याने देवनागरी नावास तेथे स्थान नाही. बँकेच्या कार्डावर नावासाठी २६ जागा असतात व आडनाव प्रथम येते. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे प्रवर्तक विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचे नाव या रीतीने रोमन लिपीत लिहिल्यास ३२ जागा लागतील. म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही मराठी रीत पट्टीत मोडते. नाव संक्षिप्त करावे लागते.

अहमदनगर जिल्ह्यात या भेदाची दुसरी बाजू दिसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निझामशाहाने वसविलेल्या शहरावरून पडलेले हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकर यांचे जन्मस्थान चोंडी याच जिल्ह्यात आहे. छापील नाव बदलण्यास नवे कार्ड काढावे लागते. उलट, यंत्रासाठी केलेले संकेत नावावर अवलंबून नसतात. वाहन नोंदणीतील नगरचा ‘एमएच १६’ व श्रीरामपूरचा ‘एमएच १७’ हे संकेत नामांतरानंतरही तेच राहिले.

भारतात पहिले स्वयंचलित रोख यंत्र १९८७ मध्ये मुंबईत बसले आणि पुढे अशी कार्डे सर्वत्र पसरली. मात्र पट्टीवरील नोंदीची नक्कल सहज होते. म्हणून केवळ पट्टी असलेली कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपयुक्त कार्डे देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. हजेरी, ग्रंथालय व प्रवेशद्वार यांसाठीच्या साध्या ओळखपत्रांत, जेथे पैशांचा व्यवहार नसतो, तेथे पट्टीचा स्वस्तपणा उपयोगी पडतो. धारकाचे पूर्ण नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत जपण्याचे काम मात्र छापील बाजूच करते.