लामा व अल्पाका बचाव आणि दत्तक कार्यक्रम

हा लेख दक्षिण अमेरिकेतील उंटकुलीन प्राण्यांच्या पुनर्वसनाविषयी आहे. तिबेटी बौद्ध धर्मगुरूंसाठी वापरल्या जाणाऱ्या 'लामा' या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

लामा व अल्पाका बचाव आणि दत्तक कार्यक्रम म्हणजे उपेक्षित, बेवारस, न्यायालयीन आदेशाने जप्त केलेल्या किंवा मालकाला सांभाळणे अशक्य झालेल्या लामा व अल्पाकांना ताब्यात घेऊन, त्यांच्यावर उपचार करून त्यांना योग्य अशा नव्या घरी सोपविण्याची संघटित व्यवस्था होय. असे कार्यक्रम प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाले असून ते बहुतांशी स्वयंसेवकांच्या श्रमावर व देणग्यांवर चालतात. कुत्र्यामांजरांच्या आश्रयस्थानांपेक्षा त्यांचे स्वरूप वेगळे असते. हे प्राणी आकाराने मोठे, कळपाने राहणारे आणि साधारणतः १५ ते २० वर्षे जगणारे असल्याने कुरण, कुंपण, चारा व विशेष पशुवैद्यकीय ज्ञान यांखेरीज त्यांचे पुनर्वसन होऊ शकत नाही.

पार्श्वभूमी

लामा व अल्पाका हे दोन्ही प्राणी अँडीज पर्वतप्रदेशात सुमारे ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वी माणसाळविले गेले. लामा हा ग्वानाको या रानटी प्राण्यापासून, तर अल्पाका हा विकुन्यापासून उत्पन्न झाला असे जनुकीय अभ्यासावरून मानले जाते. पेरू व बोलिव्हियात लामाचा उपयोग ओझे वाहण्यासाठी व मांसासाठी, तर अल्पाकाचा मुख्यतः लोकरीसाठी होतो. तेथे म्हाताऱ्या किंवा निरुपयोगी प्राण्याचे काय करावे, हा प्रश्न परंपरेने सुटलेला आहे.

उत्तर अमेरिकेत मात्र हे प्राणी हौसेचे व गुंतवणुकीचे साधन म्हणून पसरले. १९८० च्या दशकात लामांच्या किमती झपाट्याने वाढल्या. १९८४ च्या सुमारास चिलीमधून अल्पाकांची व्यापारी आयात सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत निवडक पैदाशी नरांना लाखो डॉलरांची किंमत मिळू लागली. १९९८ पासून आयात अल्पाकांची अमेरिकन नोंदवहीत नोंद करणे बंद झाल्याने देशातील नोंदणीकृत प्राण्यांचे मूल्य आणखी चढे राहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टीना सायटोन व रिचर्ड सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या किमतींना लोकरीच्या उत्पन्नाचा आधार नसून तो सट्ट्याचा फुगा आहे, असा निष्कर्ष काढला. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर हा बाजार कोसळला. हजारो डॉलरांना घेतलेले प्राणी नाममात्र किमतीत किंवा फुकट दिले जाऊ लागले. या प्राण्यांच्या मांसाला तेथे फारशी मागणी नसल्याने त्यांचा दैनंदिन खर्च तेवढा उरला. याच सुमारास पहिल्या लाटेतील अनेक पालक वृद्ध झाले होते. मालकाचे आजारपण, मृत्यू, घटस्फोट किंवा शेताची विक्री ही प्राणी सोडून देण्याची प्रमुख कारणे ठरली.

प्राण्यांची आवक

बचाव संस्थेकडे प्राणी साधारणपणे पुढील मार्गांनी येतात :

• मालकाने स्वेच्छेने केलेले हस्तांतरण. यात मालकी सोडल्याचे लेखी पत्र घेतले जाते.
• उपेक्षा किंवा क्रूरतेच्या गुन्ह्यात स्थानिक प्रशासनाने केलेली जप्ती.
• बेवारस वा भटके प्राणी.
• गुरांच्या लिलावातून केलेली खरेदी.

जप्तीच्या प्रकरणात प्राणी हा खटल्यातील पुरावा असतो. मालक हक्क सोडेपर्यंत किंवा न्यायालय निर्णय देईपर्यंत तो दत्तक देता येत नाही आणि त्या काळातील पोषणाचा भार बहुधा संस्थेवरच पडतो. २०१३ च्या अखेरीस ओरेगॉन राज्यातील पोक काउंटीत उपासमार झालेले दीडशेहून अधिक अल्पाका एकाच वेळी ताब्यात घ्यावे लागले. अशा प्रसंगी एकच संस्था पुरी पडत नाही. वाहतूक, चारा व तात्पुरता निवारा यांसाठी अनेक राज्यांतील संस्था आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये यांना एकत्र यावे लागते.

प्रारंभिक तपासणी व उपचार

नव्याने आलेल्या प्राण्यास काही आठवडे मूळ कळपापासून वेगळे ठेवले जाते. दाट लोकरीमुळे हाडांचा सापळा झालेला अल्पाकाही दुरून गुबगुबीत दिसतो. त्यामुळे केवळ पाहून अंदाज न करता पाठीच्या कण्यावर हात दाबून मांसलता तपासतात आणि १ ते ५ अशा श्रेणीत गुण देतात. त्यात ३ ही योग्य स्थिती समजली जाते. उपाशी प्राण्यास एकदम भरपूर खुराक देणे धोक्याचे असते. दीर्घ उपवास व ताण यांमुळे यकृतात चरबी साचण्याचा विकार या प्राण्यांत आढळतो, म्हणून चांगल्या वाळलेल्या गवतापासून सुरुवात करून आहार हळूहळू वाढविला जातो.

जंतबाधा हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे. रक्त शोषणाऱ्या हिमाँकस जंतामुळे तीव्र रक्तक्षय होतो. पापणीच्या आतील भागाचा रंग तक्त्याशी ताडून आणि लेंड्यांतील अंडी मोजून औषधाची गरज ठरविली जाते. सरसकट औषध दिल्यास जंतांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते. पूर्व उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या विष्ठेतून, गोगलगायींमार्फत पसरणारा मेंदूज्वर जंत लामाच्या मज्जारज्जूत शिरून त्यास पांगळे करतो. त्या भागात प्रतिबंधक औषधाचे नियमित वेळापत्रक पाळले जाते. याशिवाय आंत्रविषार व धनुर्वात यांच्या लशी, वाढलेली नखे कापणे, लोकर कातरणे आणि नरांचे लढाऊ सुळे बोथट करणे ही कामे केली जातात. अल्पाकाची लोकर सतत वाढत असल्याने वर्षातून एकदा कातरणी आवश्यक असते. ती टळल्यास उन्हाळ्यात उष्माघाताने प्राणी दगावू शकतो.

मिश्र कळपातून आलेली प्रत्येक प्रौढ मादी गाभण आहे असे गृहीत धरले जाते. गर्भकाळ सुमारे साडेअकरा महिन्यांचा असल्याने ताब्यात आल्यानंतर जवळजवळ वर्षभराने पिलू जन्मण्याची शक्यता असते. सर्व नरांचे खच्चीकरण हे जवळपास प्रत्येक कार्यक्रमाचे मूलभूत धोरण आहे. कळपातील एकही नर अखंड राहिल्यास संख्या आवरणे अशक्य होते आणि जवळच्या नात्यातील संकरामुळे सदोष पिले जन्मतात.

निवारा व संगोपन

तीन बाजूंनी बंद अशी साधी शेड, स्वच्छ पाणी, सावली आणि सुमारे ४ ते ५ फूट उंचीचे कुंपण या किमान गरजा होत. काटेरी तारेत लोकर व पाय अडकत असल्याने ती टाळली जाते. कुंपणाचा हेतू लामाला आत ठेवण्यापेक्षा मोकाट कुत्र्यांना बाहेर ठेवणे हा अधिक असतो. शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के शुष्क चारा प्रौढ प्राण्यास पुरतो. तांब्याचे प्रमाण अधिक असलेले गुरांचे खाद्य त्यांना बाधते. कण्हेर व ऱ्होडोडेंड्रॉन या शोभेच्या झाडांची थोडी पानेही प्राणघातक ठरू शकतात. हे प्राणी ठरावीक जागीच लेंड्या टाकत असल्याने स्वच्छता राखणे तुलनेने सोपे जाते आणि त्यांचे खत विकून काही संस्था अल्प उत्पन्नही मिळवितात.

अनेक कार्यक्रमांचे स्वतःचे एक मोठे आश्रयस्थान नसते. प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या शेतांवर तात्पुरते पालकत्व देऊन प्राणी विखरून ठेवले जातात. त्यामुळे रोगप्रसाराचा धोका घटतो आणि प्रत्येक प्राण्याचा स्वभाव जवळून कळतो.

वर्तनाचे मूल्यमापन

दत्तक देण्यापूर्वी प्राणी गळ्यात दोर घालू देतो का, नखे कापताना कसा वागतो, वाहनात चढतो का आणि इतर प्राण्यांशी कसा राहतो हे तपासले जाते. थुंकणे हे बहुधा कळपातील आपापसांतील वर्तन असून माणसावर वारंवार थुंकणारा प्राणी भयभीत किंवा चुकीच्या पद्धतीने वाढविलेला असतो.

लहानपणी कळपापासून तोडून बाटलीने दूध पाजून वाढविलेला नर ही सर्वांत अवघड समस्या मानली जाते. असा नर माणसाला स्वजातीय समजतो आणि वयात आल्यावर प्रतिस्पर्धी मानून त्याच्यावर धावून जातो. सुमारे दीडशे किलो वजनाच्या लामाचा असा हल्ला गंभीर ठरतो. लवकर खच्चीकरण व अनुभवी हाताळणी यांनी काही प्राणी सुधारतात, परंतु काहींना दत्तक देणे सुरक्षित नसते. पिलू अनाथ असले तरी त्यास कळपातच ठेवून, माणसाचा संपर्क दुधापुरता मर्यादित ठेवावा, असा सल्ला म्हणूनच दिला जातो.

दत्तक प्रक्रिया

इच्छुकाने अर्ज भरल्यावर जागेची पाहणी, पशुवैद्याची उपलब्धता व स्थानिक नियमांची खातरजमा केली जाते. करारातील सर्वसाधारण अटी अशा असतात :

• एकटा प्राणी दिला जात नाही. स्वजातीय सोबती नसल्यास किमान दोन प्राणी घ्यावे लागतात.
• पैदास करण्यास, तसेच विक्री, लिलाव व कत्तलीस मनाई असते.
• सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी संस्थेकडेच परत करावा लागतो.
• ठरावीक काळाने पाहणी करण्याचा अधिकार संस्थेस राहतो.

काही प्रौढ, खच्ची केलेले लामा मेंढ्यांचे राखणदार म्हणून दिले जातात. आयोवा राज्य विद्यापीठात १९९० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात राखणदार लामा ठेवलेल्या मेंढपाळांचे कायोटींमुळे होणारे नुकसान पुष्कळ घटल्याचे आढळले. तथापि कुत्र्यांच्या टोळीपुढे किंवा मोठ्या हिंस्र श्वापदापुढे लामा स्वतःच भक्ष्य ठरतो. त्यामुळे कोणताही प्राणी या कामासाठी सरसकट दिला जात नाही.

वाहतूक व रोगनियंत्रण

प्रवासात हे प्राणी पाय दुमडून बसत असल्याने साध्या ट्रेलरमधून किंवा बंद मोटारीतूनही त्यांना नेता येते. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना पशुवैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये गोवंशीय क्षयरोग हा चिंतेचा विषय आहे. चाचणीत क्षयबाधित ठरलेल्या जेरोनिमो नावाच्या अल्पाकाला दीर्घ न्यायालयीन वादानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी ठार केले. चाचणीच्या विश्वासार्हतेवर त्या वेळी मोठी सार्वजनिक चर्चा झाली. एका बाधित प्राण्यामुळे संपूर्ण आश्रयस्थान बंद पडू शकत असल्याने आगमनपूर्व तपासणीस महत्त्व दिले जाते.

मर्यादा व वाद

क्षमतेपेक्षा अधिक प्राणी स्वीकारणे हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा धोका आहे. २०१० च्या अखेरीस माँटाना राज्यातील एक मोठे अभयस्थान निधीअभावी कोलमडले आणि तेथील शेकडो लामांना भर हिवाळ्यात देशभरातील स्वयंसेवकांनी नवी घरे मिळवून दिली. बचावासाठी उभारलेल्या जागेवरूनच प्राण्यांना वाचविण्याची वेळ आल्याने, नव्या प्राण्यास नकार देणे हेही संस्थेचे कर्तव्य असू शकते, ही जाणीव दृढ झाली. राखीव निधी, प्राणिसंख्येची कमाल मर्यादा आणि एका व्यक्तीवर अवलंबून नसलेले कार्यकारी मंडळ यांवर तेव्हापासून अधिक भर दिला जातो.

लिलावातील खरेदीबाबत मतभेद आहेत. कत्तलीपासून प्राणी वाचतो हे खरे असले, तरी त्या पैशाने व्यापाऱ्यांनाच उत्तेजन मिळते, असा आक्षेप घेतला जातो. अतिवृद्ध, असाध्य आजारी किंवा धोकादायक आक्रमक प्राण्यांना दयामरण द्यावे की आजन्म सांभाळावे, याविषयीही संस्थांची धोरणे भिन्न आहेत. दयामरणाच्या बाजूचे लोक त्या जागेवर व खर्चात अनेक निरोगी प्राणी वाचू शकतात असे मांडतात, तर विरोधकांच्या मते उपयुक्ततेच्या हिशेबातूनच या प्राण्यांवर ही वेळ आली असल्याने तोच हिशेब पुन्हा लावणे योग्य नाही. पैदाशीला आळा घालणे आणि प्राणी घेण्यापूर्वीच भावी मालकाला त्याच्या आयुर्मानाची व खर्चाची कल्पना देणे हा दीर्घकालीन उपाय असल्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

हेही पाहा

• लामा
• अल्पाका
• ग्वानाको
• विकुन्या
• प्राणी कल्याण