कंथेवरील अक्षरे

बंगालच्या कंथेला अनामिकांची कला म्हणण्याचा प्रघात आहे. कोलकात्याच्या दक्षिणेस जोका येथे असलेल्या गुरुसदय संग्रहालयातील एका कंथेपुढे तो टिकत नाही. खुलना भागातील मानदासुंदरी दासी या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात ही कंथा आपल्या वडिलांसाठी शिवली, आणि ती कोणी व कोणासाठी शिवली हे त्याच वस्त्रावर दोऱ्याने लिहून ठेवले. पलटणीतले शिपाई, साहेब, राणीच्या छापाची नाणी अशी आकृतींची गर्दी तीवर आहे; पण इतिहासाच्या दृष्टीने त्या सर्व आकृतींहून ती अक्षरेच अधिक बोलकी आहेत.

मराठीत कंथा म्हटले की नाथपंथी जोग्याच्या अंगावरचे ठिगळांचे वस्त्र आठवते. बंगालीत तोच शब्द ‘काँथा’ या रूपाने गृहिणीच्या हातात गेला. जीर्ण झालेल्या साड्या व धोतरे थरांवर थर अंथरून, धावदोऱ्याच्या बारीक टाक्यांनी ती एकजीव करावयाची, आणि रंगीत दोराही जुन्या साडीच्या काठातूनच उसवून घ्यावयाचा, ही तिची रीत. आपल्याकडील वाकळ वा गोधडी याच कुळातली. मात्र बंगाली स्त्रीने पांघरुणाखेरीज पोथी बांधण्याचे बायतन, आरसा गुंडाळण्याची आरशिलता, उशीचे अभ्रे असा मोठा परिवार त्याच टाक्यांतून उभा केला. बहुधा मध्यभागी कमळ आणि चार कोपऱ्यांना चार झाडे. उरलेल्या मैदानात शिवणारीचे मन जाईल तिकडे सुई जाते.

एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या घरगुती कंथा जवळजवळ सापडतच नाहीत. त्या नव्हत्या असे नव्हे. त्या वापरून संपल्या. याउलट सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी बंगाल्यात टसराच्या दोऱ्याने भरलेल्या रजया युरोपातील संग्रहांत अद्याप आहेत. विकण्यासाठी केलेले टिकले, मायेने केलेले झिजून गेले.

जे वाचले त्यातील बराचसा भाग गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी वाचविला. सनदी अधिकारी म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडताना त्यांनी पटचित्रे, मातीची व लाकडाची खेळणी, कंथा गोळा केल्या, आणि १९३२ मध्ये व्रतचारी चळवळ सुरू केली. संग्रहालय त्यांच्या पश्चात उभे राहिले. त्याचे रीतसर उद्घाटन १९६३ मध्ये झाले. अभ्यासाच्या बाजूने स्टेला क्रामरिश यांचा १९३९ चा निबंध महत्त्वाचा. त्यांनी कंथेतील प्रतीकांचा अर्थ लावला तो मार्मिक आहे. परंतु कमळाच्या तत्त्वज्ञानात रमलेली दृष्टी कडेला शिवलेल्या नावाकडे सहसा वळत नाही.

त्या नावाचे मोल समजण्यासाठी राससुंदरी देवींचे ‘आमार जीबन’ आठवावे. स्त्रीने अक्षर गिरवणे अशुभ मानणाऱ्या त्या समाजात त्या स्वयंपाकघरात पोथीचे सुटे पान लपवून वाचावयास शिकल्या. त्याच शतकात दुसरी एक स्त्री सुईने आपली सही करते. ही अक्षरे तिने स्वतः आखली, की कोणा साक्षर आप्ताने आखून दिली व तिने त्यांवरून टाके घातले? कापड याचे उत्तर देत नाही. पण दुसरा पर्याय खरा मानला तरी, आपले कर्तृत्व आपल्या नावे राहावे ही इच्छा तिचीच ठरते. आणि ‘लोककला’ या शब्दात गृहीत धरलेली आत्मविस्मृती तेथे मुळीच दिसत नाही.

१९४७ मध्ये खुलना, जेसोर, फरीदपूर हे कंथेचे माहेर असलेले जिल्हे पाकिस्तानात गेले व १९७१ नंतर बांगलादेशात आले. त्यामुळे जोक्यात जे स्थानिक म्हणून मांडले आहे, त्यातील पुष्कळसे आता सीमेपलीकडचे आहे. १९८४ पासून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून संग्रहालयास मिळणारे साहाय्य २०१७ मध्ये थांबले. बंगालच्या दमट हवेत शंभर-दीडशे वर्षांचे सुती कापड आपोआप टिकत नाही. त्याला कसर लागते, घडीवर ते विरते, आणि दोऱ्याची अक्षरे तर कापडाच्याही आधी सुटू लागतात.