गळकी तोटी, तांब्याची नळी आणि शिशाचा डाख

आजचा थ्रेड एका क्षुल्लक वाटणाऱ्या दुरुस्तीविषयी आहे. अमेरिकेतील एखाद्या जुन्या घरात न्हाणीच्या टबावरची तोटी गळू लागली, की प्लंबर ती उतरवतो आणि भिंतीतून बाहेर आलेली तांब्याची नळी तपासतो. नळी बहुधा शाबूत असते. गळतो तो सांधा. जुना डाख तापवून काढायचा, तांबे घासून लख्ख करायचे, नवा डाख द्यायचा, एवढेच काम. मात्र या डाखाचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे आणि तो तितकासा निरुपद्रवी नाही.

नळी त्याहूनही जुनी. इजिप्तमधील अबूसीर येथे राजा साहुरे याच्या पिरॅमिड-मंदिरात (इ.स.पू. पंचविसावे शतक) लुडविग बोर्खार्ट या जर्मन संशोधकाला सांडपाण्याची तांब्याची नळी सापडली. तिची लांबी 380 मीटरांहून अधिक होती. ठोकून पातळ केलेला पत्रा वळवून ती घडवली होती आणि दगडात कोरलेल्या पन्हळीत बसवली होती. तेथील दगडी कुंडांना आतून तांब्याचे अस्तर होते आणि निचऱ्याच्या भोकासाठी साखळीला बांधलेले शिशाचे बूच! पाणी केवळ उताराने वाहत असल्यामुळे सांध्यावर फारसा ताण येत नसे.

रोमन शहरांत मात्र उंचावरच्या टाक्यांतून पाणी दाबाने खाली येई. तेथे शिशाचा पत्रा वळवून नळ्या करीत आणि सांधे डाखाने बंद करीत. या डाखाचे प्रमाण थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवून ठेवले आहे : दोन भाग शिसे, एक भाग कथील. शिशाच्या नळ्या जोडणारे कारागीर विसाव्या शतकातही जवळजवळ हेच मिश्रण वापरीत होते. त्यांच्या व्यवसायाचे नावही शिशाच्या ‘प्लुंबुम’ या लॅटिन नावावरूनच आले. विशेष म्हणजे शिशाच्या नळीतले पाणी अपायकारक असते, मातीची नळी बरी, हे विट्रुव्हियसने प्लिनीच्याही आधी लिहिले होते. त्याचा पुरावा साधा होता : शिशाचे काम करणाऱ्यांचे फिकुटलेले चेहरे.

विसाव्या शतकात घराघरांत तांब्याची पातळ नळी आली. नळी आणि जोडतुकडा यांच्यातील फट इतकी अरुंद ठेवतात, की वितळलेला डाख केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो, अगदी वरच्या दिशेनेसुद्धा. त्यासाठी तांबे स्वच्छ हवे. म्हणून आधी अभिवाह लावतात. (कल्हई करताना भांड्यात पडणारी नवसागराची चिमूट हेच काम करते.) पण अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डाखात निम्मे शिसे होते. नळीतून हद्दपार केलेले शिसे असे सांध्यातून परत घरात शिरले. टबातले पाणी कोणी पीत नाही, हे खरे. परंतु स्वयंपाकघरातला नळही त्याच डाखाने जोडलेला असे आणि रात्रभर नळीत साचलेल्या पाण्यात शिसे उतरत असे. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका.

अखेर 1986 मध्ये अमेरिकेच्या पेयजल कायद्यातील दुरुस्तीने पिण्याच्या पाण्याच्या नळकामात 0.2 टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या डाखास बंदी केली. विट्रुव्हियसच्या इशाऱ्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी! आधीचे सांधे अर्थातच भिंतींत तसेच राहिले. म्हणून अशा घरातील तोटीची दुरुस्ती म्हणजे एक प्रकारचे उत्खननच असते.

नव्या डाखात मुख्यतः कथील असते. शिसे-कथलाचा डाख 183 अंश सेल्सिअसला वितळू लागे. शुद्ध कथलास 232 अंश लागतात. नळीत थेंबभर पाणी उरले, तरी ते उकळत राहते आणि सांधा पुरेसा तापतच नाही. त्यावर जुन्या प्लंबरांचा उपाय ठरलेला आहे : पावाचा मऊ गोळा नळीत कोंबायचा, तो पाणी शोषून धरतो तोवर डाख द्यायचा आणि मग पाणी सोडून भिजलेला पाव तोटीच्या तोंडातून बाहेर काढायचा.