गोठलेली भुई
१४. गोठलेली भुई : निदान दोन वर्षे सलग शून्य अंशाखाली राहिलेली जमीन. लेखकाने तिला 'दगडासारखी पक्की' म्हटले आहे. ते अर्धेच खरे. वरचा थर उन्हाळ्यात वितळून चिखल होतो, थंडीत पुन्हा फुगतो आणि त्यावर टाकलेले रूळ वाकडे होतात. म्हणून भरावाखालची जमीन तापू द्यायची नाही, एवढीच युक्ती. २००६ साली सुरू झालेल्या गोलमुड–ल्हासा रेल्वेमार्गावर त्यासाठी हवा खेळेल असे दगडांचे भराव, अमोनिया भरलेल्या नळ्या आणि जमिनीला न टेकणारे लांब पूल आहेत.

मुदखेड–आदिलाबाद गाडीने गेलेल्या वाचकाला हे फार परके वाटू नये. किनवट ओलांडून तलमडुगुच्या बाजूला जाताना कापसाची काळी जमीन लागते. ती पावसात फुगते, चैत्रात हात जाईल एवढी भेगाळते. इथे वैरी थंडी नव्हे, पाणी. अशा जमिनीत खडीखाली मुरमासारखा न फुगणारा थर घालतात, कडेचे चर मोकळे ठेवतात. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी तर काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचाच थर द्यायची पद्धत मांडली. — संपा.